जैनबखालाचं नाव मी सांगितलं

त्यांनी मला पुठ्ठ्यावर उभं केलं होतं. लॉबीच्या फरशीला माझे ओले पाय लागायला नकोत म्हणून. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा होता तो. दुपारभर त्याच फरशीवरचं पाणी मी उपसत होते, तेव्हा माझे पाय चालत होते. पाणी संपलं, फरशी कोरडी झाली, आणि मग माझे पाय घाण झाले.

त्या दिवशी कोकणात चक्रीवादळ धडकलं आणि त्याचा मार घाट चढून आमच्यापर्यंत आला. मारुंजीत चौदा मजल्यांची एक सोसायटी आहे. तिच्या कंपाउंडच्या भिंतीमागं, ओढ्याच्या कडेला, पत्र्याच्या चाळीस खोल्या. आम्ही तिथं राहतो. मी सहा वर्षं सोसायटीत हाऊसकीपिंगला होते. माझ्या नावाच्या आम्ही दोघी होतो. दुसरी मारुंजी गावातलीच, तिला नावानं हाक मारायचे. मला 'ए वस्ती'. सहा वर्षं मी 'ए वस्ती'ला ओ दिली.

दुपारी वारा सुटला तेव्हा मी चेअरमन साहेबांना विचारलं होतं, "पोरी घरी एकट्या आहेत, जाऊन येऊ का?"

ते म्हणाले, "लिफ्टच्या खड्ड्यात पाणी गेलं तर चौदा मजले बंद पडतील. तुझ्या पोरी काय चौदाव्या मजल्यावर आहेत का?"

मी बादली उचलली. फोनला रेंज नव्हती. नवरा चाकणला, कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये पहिल्या शिफ्टला. थोरली पोरगी अकराची, धाकटी सहाची. मी बादल्या मोजत बसले, म्हणजे मग दुसरं काही डोक्यात येत नाही.

पाचच्या सुमाराला वारा पडला. चेअरमन खाली आले. उघड्या पार्किंगमध्ये त्यांची पांढरी गाडी. तिच्या पुढच्या काचेत एक पत्रा घुसलेला. काचेचा चुरा सीटवर. सात-आठ माणसं जमली. मला हाक मारली, पुठ्ठ्यावरून उतरून गाडीपाशी यायला सांगितलं.

"तू वस्तीतली ना? सांग, हा कुणाचा पत्रा."

मी बघितलं. पत्र्याच्या मधोमध डांबराचा पट्टा होता, वाकडा, एका टोकाला जाड. मागच्या वर्षी गळत होतं म्हणून माझ्या नवऱ्यानं तो लावला होता. खाली उभी राहून मीच त्याला डांबराचा डबा दिला होता.

तो माझा पत्रा होता.

म्हणजे माझं छप्पर गेलं होतं. त्याच्या खाली माझ्या पोरी होत्या. कुठलीही आई पळत सुटली असती. मी पळाले नाही. मी तिथं उभी राहून विचार करत होते, की कुणाचं नाव घ्यावं.

"जैनबखालाचा असेल," मी म्हणाले.

"असेल का आहे?"

"आहे."

एवढंच. एक शब्द.

जैनबखाला वस्तीच्या शेवटच्या खोलीत राहते. खाला म्हणजे मावशी, सगळी वस्ती तिला तेच म्हणते. साठीची, एकटी, मूळची उदगीरकडची. आकुर्डीतल्या एका दुकानासाठी ती घरी बसून दुचाकीच्या सीटची कव्हरं शिवते. मी तिचंच नाव का घेतलं, हे मी स्वतःला पुढं कितीतरी तऱ्हेनं सांगून बघितलं. घाईत तोंडाला आलं. ती म्हातारी आहे, तिला काय करणार. खरं असं आहे, की मी निवडून तिचं नाव घेतलं. ती मुसलमान, ती एकटी. तिचं नाव सांगितलं की हे लोक पुढचं काही विचारणार नाहीत, हे मला माहीत होतं. आणि तसंच झालं. कुणी वस्तीत जाऊन बघितलं नाही. कुणी विचारलं नाही, तुला कसं माहीत. एक जण फक्त म्हणाला, "वाटलंच."

मी हे ओळखायला हवं होतं. परभणीकडं आमच्या गावात आमचं घर वेशीच्या बाहेर. कुणाची कोंबडी गेली, कुणाचं भांडं गेलं, की आमच्या आळीतल्या बायकांना बोलावणं यायचं. माझी आई अशीच एका अंगणात दोन तास उभी होती. भांडं त्यांच्याच माळ्यावर सापडलं. तिला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी तिच्या पदराला धरून होते. मला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून मी ते केलं.

वॉचमन तिला घेऊन आला. केस ओले, ओढणी अंगाला चिकटलेली, पायात काही नाही. चेअरमन तिला म्हणाले, "हा तुझा पत्रा. काढ." चार तरणी माणसं बाजूला उभी होती. ती एकटी ओढत होती. काचेत अडकलेला पत्रा एकदम सुटला आणि तिचा तळहात फाटला. चौथ्या मजल्यावरचा एक माणूस मोबाईल धरून शूटिंग करत होता. त्यानं सांगितलं, "इकडं बघून बोल. चूक झाली म्हण."

ती कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, "चूक झाली. माझा पत्रा होता."

मग पत्रा डोक्यावर घेऊन ती गेटमधून गेली. तळहाताचं रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं होतं. चेअरमन मला म्हणाले, "आता ह्या काचा झाडून घे." मी काचा झाडल्या. मग मला घरी सोडलं.

मी ओढ्याकडून धावत गेले. वस्ती ओळखू येत नव्हती. भिंती उभ्या, वर आभाळ. गाद्या, भांडी, शाळेची दप्तरं चिखलात. माझ्या खोलीत कुणी नव्हतं. मी पोरींना हाका मारल्या. शेजारच्या गवंड्याच्या बायकोनं शेवटच्या टोकाला हात केला.

चाळीस खोल्यांत एकच छप्पर जागेवर होतं. जैनबखालाचं.

तिचा नवरा ट्रकच्या बॉडी बांधायच्या कामावर होता. मरायच्या आधी त्यानं तिच्या खोलीच्या चारी कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारून त्या जमिनीत सिमेंटमध्ये गाडल्या होत्या. वारा आला आणि तिच्या छपरावरून निघून गेला. त्या एका खोलीत तीस-बत्तीस बायका-पोरं दाटीवाटीनं बसली होती. माझ्या दोघी शिलाई मशीनच्या खाली होत्या. वारा सुटल्यावर तीच त्यांना ओढत घेऊन गेली होती. धाकटीच्या अंगावर जैनबखालाची शाल.

खाला चुलीपाशी होती. हाताला सीट कव्हरची रेक्झिनची चिंधी बांधलेली. तिनं वर बघितलं.

"आलीस? बस. च्या घे."

मी तो चहा प्यायले. आजपर्यंत मी तेवढं कडू काही प्यायलेलं नाही, आणि त्यात साखर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जागेचे मालक आले. मारुंजीतलंच जुनं घराणं, आम्ही त्यांना आबा म्हणतो. फिरून सगळं बघितलं आणि म्हणाले, "मी पत्रं देनार न्हाई. माझ्याच गोठ्याचं उडाल्यात. पर तुमाला उठवनार बी न्हाई. तुमचं तुमी बघा." सरकारी माणूस आला, फोटो काढून गेला. सोसायटीच्या बाजूनं एवढंच झालं, की कंपाउंडच्या भिंतीचा पडलेला तुकडा त्यांनी त्याच दिवशी बांधून घेतला.

तेव्हा तुमचं तुम्ही बघा, हे आम्ही खरंच धरलं.

बळीभाऊ म्हणून आमच्यात एक वेल्डर आहे, बीडचा, चाकणला फॅब्रिकेशनच्या दुकानात कामाला. त्यानं बोअरपाशी सगळ्यांना बोलावलं. तो म्हणाला, "ज्याला जो पत्रा सापडंल तो त्यानं नेला, तर दांडगा राहील आणि दुबळा उघड्यावर. त्यापेक्षा सगळे पत्रे एका ठिकाणी टाकू. एकेक खोली सगळे मिळून झाकू."

भांडणं झाली. दोघं उठून गेले, संध्याकाळी परत आले. पण ठरलं. शेतातून, ओढ्यातून, बाभळीवरून पत्रे गोळा करून एक ढीग केला. आधी बाळंतिणीची खोली, मग दम्याच्या म्हाताऱ्याची, मग लहान पोरांच्या. प्रत्येक खोलीचे कोपरे जैनबखालाच्या खोलीसारखे पट्टीनं गाडायचे. काही ठरवताना खोलीमागं एक हात वर होईल, मग बाई असो की बाप्या. टँकरचं पाणी आधी आजारी माणसांच्या घरी. पहिल्या आठवड्यात असं सगळं बोलून ठरत गेलं. असं काही मी जन्मात बघितलं नव्हतं. गावात ठरवणारे वेगळे होते, सोसायटीत वेगळे.

मग एक जण म्हणाला, लिहायला, बाहेर बोलायला एक माणूस पाहिजे. बळीभाऊ म्हणाला, "ताई दहावी शिकल्यात. सोसायटीत ओळख आहे." चाळीस हात वर झाले. त्यात एका हाताला रेक्झिनची चिंधी होती.

मी नाही म्हणायला हवं होतं. मी हो म्हणाले.

मी काम मात्र जीव तोडून केलं. सकाळी सोसायटी, तिथून आल्यावर वस्ती. कुणाच्या खोलीला किती पत्रे लागतील, कुणाच्या घरी कोण आजारी, सगळं मला तोंडपाठ. लोक म्हणायचे, ताई आहेत म्हणून चाललंय. ते तसं म्हणाले की मला अन्न जात नसे. जैनबखालाच्या दारात तो डांबराचा पत्रा टेकवून ठेवलेला होता. मी त्या बाजूला जायचं टाळायची.

एक दिवस नवऱ्यानं तो बघितला. "अगं, हा आपला पत्रा. खालाच्या दारात कसा आला?"

"वाऱ्यानं आला असेल," मी म्हणाले.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं तो पत्रा उचलून ढिगावर टाकला. तेव्हा वस्तीतल्या बऱ्याच जणांच्या मोबाईलवर तो व्हिडिओ फिरून आलेला होता, हे मला नंतर कळलं.

तीस पत्रे कमी पडत होते. वाकलेले ठोकून सरळ केले, फाटलेले जोडले, तरी तीस कमी. त्याच वेळी सोसायटीतून निरोप आला. रविवारी मला क्लब हाऊसमध्ये बोलावलं. चेअरमन होते, कमिटीतल्या एक मॅडम होत्या. मॅडम गोड बोलल्या. सोसायटी पत्रे देणार. एक छोटा कार्यक्रम करायचा, बॅनर लावायचा. वस्तीतल्या लोकांनी रांगेत येऊन पत्रा घ्यायचा, फोटो होतील. चांगल्या घरांची नावं मी काढून द्यायची.

"आणि ती काचवाली बाई नको," चेअरमन म्हणाले. "लोक विचारतील, नुकसान करणाऱ्यालाच बक्षीस देता का."

मॅडम म्हणाल्या, "यापुढे तिथलं काहीही असलं तर तूच आम्हाला कळवत जा. तू त्यांच्यात वेगळी आहेस."

वेगळी आहेस. सहा वर्षं मला हेच ऐकायचं होतं. 'ए वस्ती'ला ओ देता देता मी ह्याचीच वाट बघत होते. आता ते मिळालं आणि मला नकोसं झालं. ती वेगळी बाई कोण, हे मी त्या दिवशी गाडीपाशी बघितलं होतं.

मी म्हणाले, "विचारून सांगते."

चेअरमन हसले. "विचारून? कुणाला?"

त्याच दुपारी बोअरपाशी सगळे बसले. मी अट सांगितली. मग एक जण म्हणाला, "खालाचं छप्पर तर शाबूत आहे. तिला पत्रा लागतच नाही. एक नाव काढायला काय जातंय?" दुसरी म्हणाली, "माझी पोरगी तापानं फणफणलीय हो. मला पत्रा पाहिजे." त्यांचं काही चूक नव्हतं. खाला एका बाजूला बसून सुईत दोरा ओवत होती, जणू दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

मी उभी राहिले. मी म्हणाले, "तो पत्रा खालाचा नव्हता. माझा होता. मला बघताक्षणी कळलं होतं. खालाचं नाव मी सांगितलं."

माझा नवरा उठला आणि ओढ्याच्या दिशेनं चालत गेला. थोरली पोरगी माझ्याकडं बघत होती. तिला मी घरी ठेवायला हवं होतं, असं आधी वाटलं. मग वाटलं, नको. ऐकू दे.

बळीभाऊनं विचारलं, "खाला, तुमाला माहीत होतं?"

"माझं छप्पर डोक्यावर होतं," ती म्हणाली. "पत्रा माझा नाही, ते मला कळत नाही व्हय? कुणी नाव सांगितलं, ते माहीत नव्हतं. हिला गाडीपाशी उभी बघितलं, तवा वाटलं होतं."

"मग तुमी नाही का म्हणल्या नाही?"

"समोर मोबाईल होता. चार जण तुझा तुझा म्हणत होते. मी भ्याले. मी पण माझा म्हणले."

मी तिच्यापुढं जाऊन बसले. म्हणाले, "खाला, माफ करा."

तिनं सुई कापडात टोचून ठेवली. "माफीचं मी काय करू? माझ्या बहिणीच्या नातवानं उदगीरात बघितलं ते. त्याच्या शाळेतल्या पोरांनी बघितलं. तू माफी मागितली म्हणून ते काय परत न बघितल्यासारखं होतंय का? ऊठ. सगळ्यांचा खोळंबा नको."

ती रागावून बोलली असती तर मला हलकं वाटलं असतं. ती कामाचं बोलावं तसं बोलली.

मग माझ्यासमोरच माझ्यावर बोलणं झालं. कुणी म्हणालं, हिला वस्तीतून काढा. कुणी म्हणालं, हिनं राबलेलं पण बघा. शेवटी हात वर झाले. मी यापुढं वस्तीच्या वतीनं बोलायचं नाही. माझी खोली सगळ्यात शेवटी झाकायची. सोसायटीला पत्रे द्यायचे असतील तर ढिगावर आणून टाकावेत. रांग नाही, यादी नाही, कुणाचं नाव काढायचं नाही. नाहीतर नकोत. हे नकोत म्हणायला तीनच हात जास्त होते. तापाच्या पोरीच्या आईचा हात वर गेला नाही. मी तिच्याकडं बघू शकले नाही.

आणि जैनबखालानं एक गोष्ट मागितली. तिनं पहिल्यांदाच काही मागितलं. "हे सांगायला हीच जाऊ दे. आणि पत्रा कुणाचा होता ते बी सांगू दे. तिथंच, त्याच माणसांपुढं."

मी गेले. क्लब हाऊसमध्ये त्यांची मीटिंग चालू होती, वीस-पंचवीस लोक. वॉचमन म्हणाला, थांब, पुठ्ठा टाकतो. मी म्हणाले, नको. तशीच फरशीवरून आत गेले.

म्हणाले, "काचेतला पत्रा माझ्या छपराचा होता. जैनबखालाचा नव्हता. मी खोटं सांगितलं आणि तुम्ही कुणी शहानिशा केली नाही. त्या दिवशी शूटिंग केलं तसं आज करा. मी इथं उभी आहे."

एकाचाही मोबाईल वर आला नाही. शूटिंग करणारा माणूस तिथंच बसला होता. तो स्वतःच्या पायाकडं बघत होता.

चेअरमन म्हणाले, "झालं ते झालं. आता ते उकरून काय मिळणार?"

"तिची माफी मागा. तिच्या दारात येऊन. तो व्हिडिओ जिथं पाठवला तिथं हे पण पाठवा."

"तू कुणाशी बोलतेस?"

मी वस्तीचा निरोप सांगितला. पत्रे ढिगावर, नाहीतर नकोत. मॅडम म्हणाल्या, "आम्ही तुझ्यासाठी एवढं करतोय आणि तू अशी?" चेअरमन म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." मी सांगितलं, "आजच निघते." सुपरवायझरला ड्रेस परत दिला आणि निघाले.

पत्रे आले नाहीत. माफी मागायलाही कुणी आलं नाही. आम्ही शेवटच्या खोल्या ताडपत्रीनं झाकल्या. तापाची पोरगी बरी झाली. पण अख्खा महिना तिला ताडपत्रीखाली ओल्यात काढावा लागला, आणि त्यातला माझा वाटा मला कुणी सांगायला नको. नवरा तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. आमच्या खोलीवर पत्रा पडला तेव्हा दिवाळी जवळ आली होती. पट्ट्या गाडायला बळीभाऊ आला, सगळे आले, ठरल्याप्रमाणे. कुणी चेष्टा केली नाही, कुणी सांत्वन केलं नाही. जैनबखाला माझ्याशी टँकरच्या नंबरापुरतं बोलते. पोरींना ती अजून घरात घेते. मला बस म्हणत नाही.

वस्तीचं काम आता गवंड्याची बायको बघते. तिला लिहिता येत नाही, तिची पोरगी लिहिते. महिन्यातून एकदा बोअरपाशी सगळे बसतात. मीही बसते, मागं. माझा हात वर होतो, तो मोजतात.

मी आता चाकणला पॅकिंगच्या लाइनवर आहे. मागच्या महिन्यात तिथं एक बारकोड मारायचं मशीन हरवलं. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसानं आम्हा बारा बायकांना शेडच्या बाहेर रांगेत उभं केलं. मला बाजूला घेतलं. आवाज खाली करून म्हणाला, "ताई, तुम्ही जुन्या, समजदार. ह्यातली कोण असेल, फक्त नाव सांगा. तुमचं नाव कुठं येणार नाही."

रांगेत नांदेडची एक नवी पोरगी होती. लग्न होऊन चार महिने झालेली. ती माझ्याकडंच बघत होती. पदराला धरून उभ्या असलेल्या पोरीनं बघावं तशी.

मी त्याला म्हणाले, "मशीन रजिस्टरात लिहून देणारा माणूस तुमचा, परत ताब्यात घेणारा तुमचा. आधी त्यांना इथं आणून उभं करा. तोवर कुणाची पिशवी उघडायची नाही."

"म्हणजे तुम्ही सांगणार नाही?"

"नाही."

"नोकरी पाहिजे ना?"

"पाहिजे," मी म्हणाले, आणि जाऊन रांगेत बारावी उभी राहिले.

आमच्या माणसांची नावं वरच्यांना पुरवायचं काम माझ्या हातून एकदा झालं. ते पुसलं जाणार नाही, मी पुसायला बघतही नाही. पण ते काम मी सोडलं आहे. नोकरी गेली तरी, छप्पर गेलं तरी, पुन्हा धरणार नाही.